राम नदीची मासिक तपासणी: विद्यार्थी, शिक्षक आणि पालक विचारतात ते प्रश्न

मुळशी तालुक्यात भुकूमजवळच्या खाटपेवाडीच्या डोंगरात राम नदी उगम पावते. भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर करत ती मुळेला मिळते. जेमतेम वीस किलोमीटरांचा प्रवाह. वरच्या अंगाला ग्रामपंचायती, खाली पुणे महापालिका. काठावर शाळा भरपूर आहेत आणि त्यातल्या पुष्कळ मुलांच्या बसचा रस्ता रोज या नदीवरून जातो. तिच्या पाण्याची दर महिन्याला तपासणी करू पाहणाऱ्या शाळांसाठी आणि काळजीपोटी प्रश्न विचारणाऱ्या पालकांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. तुमचा ओढा दुसरा असला तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू होतील.

हे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे ना? मुलांनी मोजून काय होणार?

मंडळाचं आहेच आणि ते त्यांनी करायलाच हवं. पण नियमित तपासणीची ठिकाणं मुख्यतः मोठ्या नद्यांवर असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात होते, देशात सर्वाधिक. मुळा आणि मुठा त्या यादीत आहेत. त्यांच्यात येणारी घाण मात्र राम नदीसारख्या लहान प्रवाहांतून येते, आणि तिथे दर महिन्याला जाऊन उभं राहणारं माणूस सहसा नसतं.

मुलांच्या कामाची किंमत महागड्या उपकरणांत नाही. तीच जागा, तीच वेळ, तीच पद्धत आणि खंड न पडू देता दर महिन्याला, एवढं जमलं की तीन वर्षांनी त्या वहीत असं काही साठतं जे दुसऱ्या कुणाकडे नसतं. या पानावरची बाकी सगळी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

कितवीपासूनची मुलं घ्यावीत?

पाचवी-सहावीची मुलं रंग, वास, फेस, कचरा, पक्षी आणि पाण्याचं तापमान उत्तम नोंदवतात. मोठ्यांपेक्षा बारकाईने, कारण त्यांना घाई नसते. आठवी-नववीपासून पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), गढूळपणा, प्रवाहाचा वेग आणि पाण्यातले किडे. विरघळलेल्या ऑक्सिजनचं टायट्रेशन (ठरावीक ताकदीचं द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजणं) नववीच्या पुढे, प्रयोगशाळेत आणि शिक्षक समोर असताना. राज्य मंडळाच्या नववी-दहावीला 'जलसुरक्षा' विषय आहे. त्याच्या प्रकल्पात हे काम सहज बसतं, वेगळा तास मागावा लागत नाही.

जागा कशा निवडायच्या?

जागा थोड्याच घ्या. तीन जागा वर्षभर सांभाळणं हे दहा जागा दोन महिने करण्यापेक्षा कितीतरी मोलाचं. राम नदीवर निवड करायची तर एक जागा वर, भुकूमच्या बाजूला, जिथे वस्ती विरळ आहे. ती आपली तुलनेची जागा. दुसरी पाषाण तलावाच्या वर आणि तिसरी तलावाच्या खाली, सोमेश्वरवाडीच्या आसपास. तलावाच्या वर आणि खाली असं मुद्दाम सांगतो, कारण तलावात पाणी थांबतं, गाळ खाली बसतो, जलपर्णी वाढते आणि पाण्याचा स्वभावच बदलतो. एखाद्या पुलाखाली मोठा नाला मिळत असेल तर त्याच्या थोडं वर आणि बरंच खाली अशा दोन जागा घ्या. अगदी संगमावर घेऊ नका. दोन पाणी तिथे नीट मिसळलेलीच नसतात, डाव्या काठाचा आकडा वेगळा आणि उजव्या काठाचा वेगळा येतो.

जागेची खूण पक्की ठेवा: पुलाचा कितवा खांब, कोणतं झाड, कोणत्या काठावरून. मोबाइलवरचं स्थान नोंदवाच, पण पुढच्या वर्षी नवी मुलं येतील तेव्हा 'उंबराच्या झाडाखालचा सपाट कातळ' हेच त्यांना लवकर सापडेल.

नेमकं काय मोजायचं?

तापमान, पीएच, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन आणि प्रवाह. जमलं तर अमोनिया आणि नायट्रेट. शिवाय पाण्यातले किडे, ज्यांना आम्ही या यादीत फार वरचं स्थान देतो.

गढूळपणासाठी तळाशी काळी-पांढरी तबकडी बसवलेली पारदर्शक नळी पुरते. नळी पाण्याने भरायची, वरून बघत बघत खालून पाणी सोडायचं आणि तबकडी दिसू लागली की पाण्याची उंची वाचायची. ही कल्पना इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांची. १८६५ मध्ये त्यांनी भूमध्य समुद्रात तबकड्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. ओढ्यात तेवढी खोली नसते, म्हणून नळी.

प्रवाह मोजायचा कंटाळा करू नका. दहा मीटरांचा सरळ पट्टा आखा, वरून एक संत्रं सोडा आणि ते खाली पोचायला किती सेकंद लागतात ते पाहा. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही. पृष्ठभागावरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं. समजा पात्र ३ मीटर रुंद, सरासरी खोली ०.२ मीटर आणि वेग सेकंदाला ०.३ मीटर. मग प्रवाह सेकंदाला सुमारे १५३ लिटर. याच पाण्याचा बीओडी (घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतील ते सांगणारा आकडा) लिटरमागे ३० मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला जवळपास ४०० किलो ऑक्सिजन खेचून घेईल इतकी घाण या एका जागेवरून पुढे जाते. नुसत्या '३०' या आकड्यावरून हे कळत नाही. प्रवाह माहीत असला तरच एकूण किती घाण वाहते ते सांगता येतं.

विरघळलेल्या ऑक्सिजनवर तुमचा इतका भर का? आणि सकाळी सातलाच का बोलावता?

पाण्यातल्या जिवांना श्वासासाठी लागतो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. मैलापाणी आलं की जिवाणू ते खाऊ लागतात आणि त्या खटाटोपात ऑक्सिजन संपवतात. म्हणून हा एक आकडा नदीच्या तब्येतीबद्दल सगळ्यात जास्त बोलतो.

पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसवर स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पुणे साडेपाचशे मीटरांहून उंचावर, हवेचा दाब कमी, त्यामुळे इथे तोच आकडा साधारण पावणेआठ. ३० अंशांना सातच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात ६ हा आकडा फार वाईट नाही, पण जानेवारीत थंड पाण्यात तोच आकडा काळजीचा. तापमान न लिहिता नुसता ऑक्सिजन लिहिला तर पुढे त्या नोंदीचा अर्थ लावता येत नाही.

आता वेळेचं. ज्या पाण्यात शेवाळ आणि पाणवनस्पती माजल्या आहेत तिथे दिवसा प्रकाशसंश्लेषण जोरात चालतं आणि पाण्यात ऑक्सिजन भरतो. दुपारी तीनला मोजलंत तर आकडा मावायला हवा त्यापेक्षाही जास्त येऊ शकतो. बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर पाणी! रात्री मात्र प्रकाश नाही आणि श्वसन सगळ्यांचं चालू. ऑक्सिजन घसरत जातो आणि पहाटे तळ गाठतो. मासे मरून तरंगलेले सकाळी दिसतात ते बहुधा याच कारणाने. दुपारचा ९ आणि पहाटेचा १ हे एकाच पाण्याचे आकडे असू शकतात.

दुपारी आणखी एक गोष्ट होते. वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतात आणि पीएच चढतो. मैलापाण्यातला अमोनिया पीएच ७ ला बहुतांशी निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. २५ अंशांना जेमतेम अर्धा टक्का विषारी मुक्त अमोनिया असतो. पीएच ८.५ झाला की तो हिस्सा १५ टक्क्यांच्या घरात जातो. पाण्यात नवीन काहीही न मिसळता ते माशांसाठी अधिक विषारी होतं.

म्हणून सातची वेळ. सातच हवी असं नाही, पण ठरवलेली वेळ वर्षभर तीच हवी. आणि वर्षातून एकदा, शिक्षकांच्या मदतीने, एकाच जागेवर पहाटे आणि दुपारी असं दोनदा मोजा. मुलांना त्या एका दिवशी जे कळतं ते पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणाने कळत नाही.

ऑक्सिजन मोजायला महागडा मीटर लागतो का?

नाही. हंगेरीच्या लायोश विंक्लर यांनी १८८८ मध्ये शोधलेली पद्धत आजही वापरतात. ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली पाण्याखालीच भरून, आत एकही बुडबुडा न ठेवता बुच लावायचं. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडचं द्रावण. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळजवळ नाही, आणि हे मुलांना जागेवरच डोळ्यांनी दिसतं. पुढे शाळेत आम्ल घालून २०० मिलिलिटर नमुन्याचं ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं. स्टार्चचा निळा रंग गेला की ब्युरेट वाचायची. जितके मिलिलिटर लागले तितके लिटरमागे मिलिग्रॅम ऑक्सिजन, गुणाकार-भागाकार काही नाही.

अझाइड विषारी आहे आणि गाढं सल्फ्युरिक आम्ल धोक्याचं. ही दोन्ही शिक्षकांनीच हाताळावीत. हे शक्य नसेल तर आसपासच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला विचारा. पाषाण परिसरात तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि उष्णदेशीय मोसम विज्ञान संस्था आहेत. शंका विचारायला गेलेल्या मुलांशी मनापासून बोलणारी माणसं अशा ठिकाणी भेटतात.

घरी टीडीएस मीटर आहे. तो चालेल?

जोडीला चालेल, त्यावर निकाल नको. तो मीटर खरं तर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू, मैला, कीटकनाशक, यातलं काही त्याला दिसत नाही. बेसॉल्ट खडकातल्या चांगल्या विहिरीचं पाणी चार-पाचशे दाखवू शकतं, आणि पावसाच्या पाण्याने पातळ झालेलं मैलापाणी त्याहून कमी. दोन जागांमध्ये अचानक मोठी उडी दिसली तर मधे काहीतरी मिसळतंय एवढा इशारा मात्र तो देतो.

नदीत मासे दिसतात, पक्षीही असतात. म्हणजे पाणी चांगलं ना?

कोणते मासे, ते बघा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून श्वास घेऊन घाण पाण्यातही तगतात. चिलापीही पुष्कळ सोसते. पक्ष्यांचंही तसंच. लांब गुलाबी पायांच्या शेकाट्यांचा मोठा थवा उथळ पाण्यात चरताना दिसला तर फोटो जरूर काढा, पण ते कशासाठी आलेत तेही पाहा. मैल्याच्या गाळात वाढणाऱ्या लाल अळ्या हे त्यांचं आवडतं खाणं आहे.

मग किड्यांवरून काय कळतं?

बाटलीतलं पाणी त्या क्षणाचं असतं. रात्री टँकर रिकामा झाला आणि सकाळपर्यंत ते पाणी वाहून गेलं, तर सातचा नमुना स्वच्छ येईल. दगडाखालचा किडा मात्र तिथे आठवड्यांपासून, कधी महिन्यांपासून राहतो आहे. तो टिकला का, गेला का, यात मधल्या सगळ्या दिवसांचा हिशेब असतो.

घोट्याएवढ्या उथळ, दगडाळ जागेत शिक्षकांनी उतरून दगड उचलायचा, खालच्या बाजूला चाळण धरायची आणि ते सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात सोडायचं. मुलं काठावर ट्रेभोवती बसतात. मेफ्लायची पिल्लं ओळखायला सोपी: शेपटाला दोन-तीन लांब धागे आणि पोटाच्या कडांना पिसांसारखे कल्ले. कॅडिसफ्लायच्या काही जातींच्या अळ्या वाळूचे कण, काड्या चिकटवून स्वतःभोवती घर बांधतात. हे दोन्ही सापडले तर त्या जागी ऑक्सिजन बरा आहे. चतुर आणि टाचणीची पिल्लं, खेकडे मधल्या फळीतले. ट्रेमध्ये नुसत्या लाल अळ्या, गाळातले धाग्यासारखे ट्यूबिफेक्स किडे आणि शेपटीसारखी लांब श्वासनळी असलेल्या अळ्या असतील, तर त्या पाण्यात ऑक्सिजन फार थोडा आहे. लाल अळीचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं त्याच जातीचं प्रथिन. थोडासा ऑक्सिजनही ती त्यामुळे धरून ठेवते.

मोजून झाल्यावर सगळे जीव पाण्यात परत. फॉर्मालिनच्या बाटल्या भरायची गरज नाही.

भुकूमच्या बाजूचा ट्रे आणि सोमेश्वरवाडीचा ट्रे एका सकाळी शेजारी ठेवता आले तर ठेवा. ज्या पालकांना आकडे कंटाळवाणे वाटतात ते या दोन ट्रेंपाशी थांबतात आणि प्रश्न विचारू लागतात.

बीओडी शाळेत करता येतो का?

पूर्ण प्रमाणित रीतीने नाही. भारतीय मानकानुसार नमुना २७ अंशांना ३ दिवस अंधारात ठेवतात. अनेक देशांत २० अंशांना ५ दिवस. दोन बाटल्या भरून एकीचा ऑक्सिजन लगेच आणि दुसरीचा तीन दिवसांनी मोजायचा, फरक म्हणजे बीओडी. अडचण ही की मैलापाणी असेल तर तीन दिवसांत ऑक्सिजन शून्यावर येतो आणि फरक कळतच नाही, मग प्रमाणात पातळ करावं लागतं. ते काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला द्या. शाळेत 'तीन दिवसांनी ऑक्सिजन उरला की संपला' एवढंच नोंदवलं तरी पुष्कळ.

जंतूंची तपासणी?

ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपी चाचणी मांडली. बाटलीत औषध लावलेली कागदपट्टी असते. पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवल्यावर ते काळं पडलं तर विष्ठेतल्या जंतूंची शक्यता मोठी. हायड्रोजन सल्फाइड बाटली म्हणून ती मिळते. विहिरी-बोअरसाठी ती फार उपयोगी. वस्तीतल्या नदीवर ती काळी होणार हे जवळपास ठरलेलंच, म्हणून ती वरच्या टप्प्यातल्या झऱ्यासाठी आणि काठच्या विहिरींसाठी राखून ठेवा. काळी झालेली बाटली ब्लीचिंग पावडरचं द्रावण घालून निर्जंतुक केल्याशिवाय ओतू नका.

माझ्या मुलीला पाण्यात उतरवणार का? ती आजारी पडली तर?

नाही, खालच्या टप्प्यात कुणीही मूल पाण्यात उतरत नाही. नमुना काठावरून, दांड्याला बांधलेल्या बाटलीने किंवा पुलावरून दोरीच्या बादलीने. वरच्या स्वच्छ टप्प्यातही फक्त मोठी माणसं उतरतात, गमबूट घालून. हातमोजे सगळ्यांना. हातापायावर जखम असेल तर त्या दिवशी त्या मुलाकडे वही आणि पेन्सिल. साचलेल्या घाण पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, जखमेतून. पाहणीनंतर दोन आठवडे-महिन्याच्या आत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना 'नदीवर गेलो होतो' हे आवर्जून सांगा. साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. दगड उचलताना विंचू आणि सापाचं भान ठेवायचं.

पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस, पालकांचं लेखी संमतिपत्र आणि प्रथमोपचार पेटी हे तिन्ही नसेल तर त्या दिवशी जाऊ नये. पोहता येणारं निदान एक मोठं माणूस सोबत असावं.

पावसाळ्यात जायचं का?

पाऊस चालू असताना किंवा हवामान खात्याचा इशारा असताना मुळीच नाही. तुमच्याकडे ऊन असेल, पण वर भुकूम-भूगावकडे ढग फुटला तर पाणी खाली यायला वेळ लागत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये याच नदीला काही तासांच्या पावसाने पूर आला आणि माणसं दगावली. मोठ्या पावसाच्या महिन्यांत फक्त पुलावरून निरीक्षण: पाण्याची पातळी, रंग, फेस. गढूळ तांबडं पाणी आलं म्हणून घाबरू नका, ती डोंगरउताराची माती आहे. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मात्र रस्त्यावरचं तेल, धूळ, कचरा एकदम वाहून येतो. तेव्हा सर ओसरून गेल्यावर सुरक्षितपणे नमुना घेता आला तर तो फार बोलका असतो.

उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं. मग त्या महिन्याची नोंद नाही ना?

आहे. 'कोरडं' असं तारखेसह लिहा आणि फोटो काढा. समजा एप्रिलमध्ये वरची जागा ठणठणीत कोरडी आहे आणि तिथून काही किलोमीटर खाली वीतभर पाणी वाहतंय. मग ते पाणी आलं कुठून? झरा आहे, की पाण्याची वाहिनी फुटली आहे, की ड्रेनेज? हा प्रश्न एका आठवीतल्या मुलाला वहीकडे बघून पडू शकतो आणि तो या नदीबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला काठाने चालत जा, मिळणाऱ्या प्रत्येक नळाची, नाल्याची जागा नकाशावर मांडा.

वापरलेल्या रसायनांचं काय करायचं?

नदीत नाही आणि बेसिनमध्येही नाही. वेगळ्या बाटलीत साठवा, नाव लिहा आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला द्या. अमोनियासाठी जुन्या पुस्तकांत नेसलरचं द्रावण दिलेलं असतं. त्यात पारा असतो, शाळेत ते आणूच नका. सॅलिसिलेटवर चालणारं किट घ्या. तापमापकही अल्कोहोलचा, पाऱ्याचा नको.

ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचं पाणी तपासणी किट असतं आणि प्रत्येक गावात पाच महिलांना त्याचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे. ते पिण्याच्या पाण्यासाठी आहे, ऑक्सिजन त्यात मोजता येत नाही. पण तुमच्या गावातल्या प्रशिक्षित ताईंना शाळेत बोलवा. हात कसा स्थिर ठेवायचा, रंग कसा जुळवायचा हे त्या उत्तम शिकवतात.

मुलांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

त्यासाठी शिस्त लागते. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची (जंतूंच्या निर्जंतुक बाटलीचा मात्र अपवाद, ती विसळायची नाही). तोंड पाणी जिकडून येतं त्या दिशेला, वरचा फेस आणि तळचा गाळ टाळून. एका जागेवर तरी दरवेळी दोन नमुने घ्यायचे आणि वेगवेगळ्या गटांनी तपासायचे. रंग जुळवायचा असेल तर तिघांनी आळीपाळीने बघायचं आणि एकमेकांशी न बोलता लिहायचं. पहिल्याने मोठ्याने '७' म्हटलं की पुढच्या दोघांनाही ७ च दिसतं. अधूनमधून ऊर्ध्वपातित पाणी नमुना म्हणून द्या आणि काय येतं ते पाहा.

वहीत पेन्सिल चालते, खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, शेजारी नवा लिहायचा, खाली सही. विचित्र आकडा आला म्हणून काढून टाकायचा नाही. पुन्हा मोजायचं आणि दोन्ही ठेवायचे.

कोणता आकडा चांगला आणि कोणता वाईट?

केंद्रीय मंडळाने नदीच्या पाण्याचे वापरानुसार वर्ग केले आहेत. आंघोळीसाठी योग्य पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३, पीएच ६.५ ते ८.५ हवा. मासे आणि वन्यजीवांसाठी ऑक्सिजन किमान ४ आणि मुक्त अमोनिया १.२ पेक्षा कमी. या मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. पण एका दिवसाच्या आकड्यावरून नदीला वर्ग देऊ नका. वर्षभराच्या नोंदींत किती वेळा मर्यादा ओलांडली ते सांगा.

आमच्या आकड्यांवर कारखान्याविरुद्ध किंवा सोसायटीविरुद्ध तक्रार करता येईल?

तक्रार करता येते. पण तुमचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यांनी, संबंधितांना नोटीस देऊन, ठरलेल्या रीतीने सीलबंद करून घ्यावा लागतो. तुमच्या नोंदींचं काम त्याआधीचं: अधिकाऱ्यांनी कुठे, कधी आणि किती वाजता यावं हे सांगणं. 'सहा महिन्यांपैकी पाच महिने या पुलाखाली सकाळी ऑक्सिजन १ च्या खाली आहे, वरच्या पुलाखाली ५ आहे' हे पत्र 'नदी घाण झाली आहे' या पत्रापेक्षा खूप वजनदार असतं.

तक्रार कुठे करायची? महापालिकेच्या हद्दीत क्षेत्रीय कार्यालय आणि पीएमसी केअर ही महापालिकेची ऑनलाइन तक्रार सेवा, बाहेर ग्रामपंचायत, आणि मंडळाचं पुण्याचं प्रादेशिक कार्यालय. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे आकडे हवे असतील तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली शिक्षक किंवा पालकांनी अर्ज करावा, शुल्क १० रुपये. एक विनंती: एका नमुन्यावरून कुठल्याही सोसायटीचं किंवा कारखान्याचं नाव घेऊन समाजमाध्यमांवर टाकू नका. निकाल लावणं हे मुलांचं काम नाही आणि त्यांना त्या भांडणात ओढणं अन्यायाचं आहे. कुणाच्या आवारात विचारल्याशिवाय शिरणंही नाही.

गणपतीत काय बघायचं?

विसर्जनाच्या आठवडाभर आधी आणि नंतर, त्याच जागांवर. निर्माल्य कुजताना ऑक्सिजन खातं, तो फरक मोजता येतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरीच विरघळवण्याची पद्धत पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिली आणि पुणे महापालिकेने ती पावडर वाटली. उरलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, ते पातळ करून झाडांना घालायचं. नदीत ओतलं तर अमोनिया वाढवण्याचंच काम होईल.

आमची शाळा ठाण्यात, खाडीकाठी आहे. हीच पद्धत चालेल?

काही बदल करून. खाडीत भरती-ओहोटी सगळ्यात मोठी. घड्याळाच्या वेळेपेक्षा भरतीची स्थिती सारखी ठेवा, उदाहरणार्थ दरवेळी ओहोटी संपताना, आणि सोबत घड्याळही लिहा. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा जवळपास पाचव्या हिश्शाने. त्यामुळे क्षारता मोजल्याशिवाय तुलना नको. घरगुती टीडीएस मीटर तिथे निकामी. आणि खारफुटीच्या काळ्या चिखलाला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो तो पुष्कळदा नैसर्गिक असतो, त्याला लगेच मैला ठरवू नका. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आहे. तिथे फ्लेमिंगोंच्या संख्येची नोंदही पाण्याच्या नोंदीशेजारी ठेवता येते. चिखलात मात्र कुणीच उतरायचं नाही, तो धरून ठेवतो.

सुरुवात कधी करावी?

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. पूर ओसरलेला असतो, प्रवाह असतो आणि सहामाही परीक्षा संपलेली असते. पहिल्या फेरीला कोणतंही किट नेऊ नका. काठाने चाला, जागा ठरवा, नकाशा काढा, काठावरच्या जुन्या रहिवाशांशी बोला. पूर्वी इथे कोण पोहायचं, कोणते मासे मिळायचे, पाणी कधी आटायचं, हे सगळं त्यांच्या नावाऐवजी फक्त वाडी आणि अंदाजे वर्ष लिहून वहीत घ्या. दुसऱ्या फेरीपासून तापमान, पीएच, गढूळपणा आणि संत्रं. तिसऱ्यापासून ऑक्सिजन आणि किडे. दहावीची मुलं जाताना वही नववीच्या दोन मुलांकडे सोपवा आणि शेवटच्या फेरीला दोन्ही गट एकत्र न्या, म्हणजे जागा, पद्धत आणि हात तिन्ही पुढे जातील. वहीचे फोटो काढून एक प्रत शाळेच्या संगणकावर, एक शिक्षकांकडे ठेवा.